नदी रिकामी कावून नाई होत?

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. तिच्या वर्गानं मिळून आपल्या विद्रुपा नदीचा नमुना केला. पुठ्ठ्यावर निळी नदी, तीत शेवाळ, किडे, मासे, काठावर बगळा, वर सूर्य आणि सगळ्यांना जोडणारे बाण. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ऊर्जा वाहते, पदार्थ फिरतो.’ घरी आल्यावर तिनं मला विचारलं, “बाबा, नदीत तं सारंच वाहून जाते. मंग पदार्थ फिरते कसा? अन् सारं वाहून गेल्यावर नदी रिकामी कावून नाई होत?” मला काही सांगता आलं नाही. तुम्ही सांगाल का?
— एक पालक, बार्शीटाकळी

उत्तर : तुमच्या मुलीची शंका रास्त आहे. पुठ्ठ्यावरच्या बाणांना जे दिसलं नाही, ते तिला पुलाखालच्या पाण्यात दिसलं. ‘ऊर्जा वाहते, पदार्थ फिरतो’ हे वाक्य चुकीचं नाही, पण त्याचा जन्म साचलेल्या पाण्यातला आहे. रेमंड लिंडेमन या तरुण अमेरिकी संशोधकानं मिनेसोटातल्या एका दलदलीच्या तळ्यातल्या जिवांचा हिशेब मांडला आणि कुणाकडून कुणाकडे किती ऊर्जा जाते, हे नीट दाखवलं. त्याचा निबंध १९४२ साली छापून आला, तेव्हा तो हयात नव्हता. सत्ताविसाव्या वर्षीच तो गेला. तळ्याला त्याचा हिशेब चपखल बसतो. वाहत्या पाण्याला लावताना मात्र त्यात थोडी दुरुस्ती करावी लागते.

आधी पदार्थ आणि ऊर्जा ही जोडगोळी सोडवून घेऊ. मोठ्यांच्या डोक्यातही ती एकमेकांत गुंतलेली असते. भाकर खाल्ली की अंगात ताकद येते, आणि त्याच भाकरीवर पोर वाढतंही. म्हणजे एकाच घासाबरोबर दोन गोष्टी पोटात जातात. एक, शरीर ज्याचं बनतं तो माल : कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, फॉस्फरस वगैरे. दुसरी, त्या मालाच्या जोडणीत साठवलेली सूर्याची ऊर्जा. विद्रुपेतलं शेवाळ पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून कार्बन घेतं, पाण्यातून हायड्रोजन घेतं, शेतातून वाहून आलेल्या मातीतून आणि शेणातून नायट्रोजन-फॉस्फरस घेतं आणि उन्हाच्या जोरावर हे सगळं जोडतं. किड्यानं शेवाळ खाल्लं की जोडलेला माल आणि त्यातली ऊर्जा दोन्ही त्याच्याकडे जातात. इथपर्यंत दोघींचा रस्ता एकच आहे.

किडा चालतो, पोहतो, श्वास घेतो, तेव्हा रस्ते फुटतात. मालाची जोडणी सुटते. कार्बन पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन पाण्यात मिसळतो आणि उद्या दुसऱ्या शेवाळाच्या कामी येऊ शकतो. ऊर्जा मात्र उष्णता होऊन पसरते. ती उष्णता गोळा करून शेवाळाला पुन्हा अन्न बनवता येत नाही. त्याला ताजं ऊनच लागतं. मेलेला मासा कुजवणारे जिवाणूसुद्धा माल तेवढा परत करतात, ऊर्जा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण शाळाशाळांतल्या तक्त्यांत जिवाणूंपासून निघून सूर्याकडे किंवा झाडाकडे जाणारा ऊर्जेचा बाण हमखास सापडतो. तो खोडून टाकायला सांगा.

मुलं इथं एक हमखास अडचण काढतात : मासा तर हाताला गार लागतो, त्याची कसली उष्णता? उष्णता असते, पण भोवतालचं पाणी ती लगेच ओढून घेतं. पटवायचं असेल तर मुलांना घेऊन शेणखताच्या उकंड्यावर जा आणि थोडं उकरून आतल्या खताजवळ हात न्या. कुजवणाऱ्या जिवाणूंची ऊब कळेल. वर्गात करायचं तर दोन थर्मास घ्या. एकात मोड आलेले हरभरे, दुसऱ्यात उकळून गार केलेले हरभरे. दोन्हींची तोंडं कापसानं बंद करून मधून तापमापी सोडा. दुसऱ्या दिवशी मोडाच्या थर्मासमधला पारा वर चढलेला असतो. उकळलेले हरभरे जास्त दिवस ठेवू नका. ते कुजायला लागले की जिवाणू तोही थर्मास तापवतात आणि मुलं गोंधळतात. (गोंधळली तरी हरकत नाही, त्यातूनही बरंच काही निघतं. पण तो तास वेगळा.)

आता नदीतल्या ऊर्जेचा हिशेब. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये सिल्व्हर स्प्रिंग्ज नावाचा मोठा झरा आहे. त्यातून निघणारी नदी इतकी नितळ, की काचेच्या तळाच्या बोटीतून लोक मासे बघायला येतात. तिथं हॉवर्ड ओडम यांनी कित्येक वर्षं मोजमाप करून १९५७ साली आकडे छापले. आकडे दर चौरस मीटरला वर्षाला किती किलोकॅलरी, असे आहेत. बिस्किटाच्या पुड्यावर लिहिलेली कॅलरी ती हीच. पाण्यावर पडणारं ऊन सुमारे १७ लाख. त्यातलं वनस्पतींच्या वाट्याला आलं ४ लाख १० हजार. त्यातून त्यांनी अन्नात बांधलं २०,८१०. वनस्पती खाणाऱ्यांकडे पोचलं ३,३६८, त्यांना खाणाऱ्यांकडे ३८३ आणि सगळ्यात वरच्या शिकारी माशांकडे फक्त २१. १७ लाखांतून २१! नदीकाठी शेकड्यानं किडे आणि बगळे मात्र बोटांवर मोजण्याइतके का, याचं उत्तर या आकड्यांत आहे. प्रत्येक पायरीवर दहातला एक भाग वर जातो, असं पुस्तकात वाचायला मिळतं. तो ढोबळ आडाखा आहे. इथंच बघा, एका पायरीवर सोळा टक्के आहेत तर एका पायरीवर सहासुद्धा नाहीत.

मला या हिशेबातल्या आणखी दोन नोंदी फार आवडतात. झऱ्यात बाहेरून आलेलं अन्न ४८६. प्रवाशांनी माशांना टाकलेला पावसुद्धा त्यात धरलेला आहे. आपल्याकडे धरणावर, घाटावर लोक मुरमुरे टाकतात, तसाच प्रकार. आणि दुसरी नोंद : वाहून खाली गेलेलं २,५००. वनस्पतींपासून जिवाणूंपर्यंत सगळ्यांनी मिळून उष्णतेच्या रूपात सोडलेली ऊर्जा १८,७९६. आता मुलीला बेरीज करायला सांगा. २०,८१० अधिक ४८६ ही जमा. १८,७९६ अधिक २,५०० हा खर्च. दोन्हीकडे २१,२९६ येतात. पाचवीच्या मुलांना ही बेरीज सहज जमते आणि नदीचा हिशेब जुळतो, हे स्वतः पडताळल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

ते २,५०० म्हणजे तुमच्या मुलीचं ‘सारंच वाहून जाते’ मधलं वाहून जाणं. तिचं म्हणणं खरंच आहे. फक्त ‘सारंच’ नाही आणि लगेचही नाही.

बॉलपेनमधली स्प्रिंग दोन्ही टोकांना धरून ताणा. वेटोळी तशीच राहतात, पण प्रत्येक वेटोळं आधीच्यापेक्षा पुढे सरकलेलं असतं. वाहत्या पाण्यात पदार्थ असा फिरतो. फॉस्फरसचा एक कण पाण्याबरोबर वाहत येतो, दगडावरच्या बुळबुळीत थरात अडकतो, तिथून गोगलगायीत जातो, तिच्या विष्ठेतून पुन्हा पाण्यात येतो आणि वाहत पुढच्या दगडाशी जातो. फिरतो खरा, पण जिथून निघाला तिथं पोचत नाही. अमेरिकेत टेनेसीमधल्या वॉकर ब्रँच नावाच्या ओढ्यात किरणोत्सारी फॉस्फरस अगदी थोडा सोडून संशोधकांनी ही वेटोळी मोजली आणि १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक वेटोळं पुरं व्हायला सरासरी १८.४ दिवस लागत आणि तेवढ्यात कण १९० मीटर खाली सरके. त्यातले १६५ मीटर तो पाण्यात विरघळलेला असताना काटे. प्राण्यांच्या अंगात असताना जेमतेम तीन मीटर. म्हणजे दिवसाला साधारण दहा मीटर. या वेगानं बार्शीटाकळीहून निघालेल्या कणाला वीसेक किलोमीटरवरच्या अकोल्याला पोचायला पाच वर्षं लागतील. पाणी तेच अंतर काही तासांत तोडतं. नदीतले जीव मालाला असं पदोपदी थांबवून घेतात. शेवाळ, गवत, लव्हाळ, दगडांवरचा थर, किडे, शिंपले हे काढून टाकून सिमेंटची नाली बांधली, की वेटोळी सुटून नुसती सरळ तार उरते आणि नदी खरोखर रिकामी होते.

अर्थात वॉकर ब्रँच हा झाडांच्या सावलीतला बारमाही ओढा आहे. विद्रुपेचं गणित वेगळं आहे, आणि तुमच्या मुलीच्या वर्गानं एकाऐवजी तीन नमुने करावेत असं मी म्हणतो ते त्यामुळेच.

श्रावणातल्या पुराचा पहिला. पाणी गढूळ, काळ्या जमिनीची माती घेऊन येणारं. ऊन तळाशी पोचत नाही, त्यामुळे शेवाळाचं काम जवळजवळ बंद. कपाशी-सोयाबीनच्या वावरातून आलेलं खत, काडीकचरा, गोठ्यांचं शेण सगळं धो धो खाली चाललेलं. या दिवसांत पदार्थाचं वेटोळं म्हणजे जवळजवळ सरळ रेघ. मोर्णेला मिळून माल पूर्णेत, तिथून चांगदेवला तापीत. वाटेत हतनूर आणि उकाई धरणांत बराचसा गाळ बसतो आणि उरलेला सुरतेपाशी अरबी समुद्रात. दुसरा नमुना हिवाळ्याचा. पाणी निवळलेलं, धार बारीक, दगडांवर हिरवा थर. वेटोळी आखूड झालेली. तिसरा वैशाखातला. धार तुटून मागे राहिलेल्या डोहाचा. इथं पाणी कुठं जातच नाही. मासा मरतो तिथंच कुजतो, शेवाळ तिथंच वाढतं, झिंगे तेच शेवाळ आणि कुजकट खातात. पुस्तकातलं वर्तुळ विद्रुपेत खरं होतं ते या दिवसांत. तेही पूर्ण नाही : बगळे आणि खंड्या डोहाशी ठाण मांडून मासे उचलतात आणि उडून जातात. बगळ्यांच्या रात्रीच्या बाभळीखाली पांढरी झालेली जमीन पाहिली असेल. तो डोहातलाच नायट्रोजन आणि फॉस्फरस.

डोह आटत आला की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि बहुतेक मासे तडफडतात. मरळ मात्र चिखलात टिकून राहते, कारण तिला हवेतला ऑक्सिजनही घेता येतो. हा मासा नमुन्यात असेल तर त्याचा एक बाण पाण्याबाहेर काढायला विसरू नका.

आता ‘रिकामी कावून नाई होत?’ याचं राहिलेलं अर्धं उत्तर. कारण वरून आणि बाजूनं माल सतत येत राहतो. लहान ओढ्यांत तर नदीतल्या जिवांचं बरंचसं पोट बाहेरच्या पानांवर चालतं. काठावरचा करंज, उंबर, जांभूळ पानं टाकतात, उंबराची फळं डुबुक करून पाण्यात पडतात. पानावर बुरशी आणि जिवाणू वाढतात, मग किड्यांच्या अळ्या ते पान कुरतडतात, अळ्यांना मासे खातात. म्हणजे मुलांच्या पुठ्ठ्यावर सूर्यापासून फक्त शेवाळाकडे बाण असेल तर एक मोठा बाण राहून गेला : काठावरच्या झाडाकडून पाण्याकडे.

हे मोजून पाहता येतं. कांद्याची जाळीदार पिशवी घ्या. तिच्यात करंजाची सुकी पानं नेमकी तोलून भरा, दहा ग्रॅम म्हणा. सोनाराचा किंवा किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालेल. पिशवी दगड बांधून हिवाळ्यातल्या उथळ पाण्यात बुडवून ठेवा. मोठं माणूस बरोबर हवंच. तशीच दुसरी पुरचुंडी दाट विणीच्या पातळ कापडात बांधून शेजारी ठेवा, म्हणजे तीत किडे शिरणार नाहीत. तीन-चार आठवड्यांनी दोन्ही काढा, हलक्या हातानं माती धुवा, उन्हात कडकडीत वाळवा आणि पुन्हा तोला. वजन घटलेलं असेल, आणि बहुधा जाळीतलं जास्त. मग मुलांना विचारा : कमी झालेले ग्रॅम गेले कुठं? काही किड्यांच्या पोटात, काही विरघळून पाण्यात, काही चुरा होऊन खाली, काही कार्बन डायऑक्साइड होऊन. नुसतं ‘संपले’ हे उत्तर मान्य करू नका.

खालून वर येणारी वाटही आहे, अगदी थोडी. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला धारेविरुद्ध वर येतात आणि आपल्या अंगातून खालचा माल वर आणतात. पाण्यात वाढलेल्या अळ्यांना पंख फुटले की त्यांतले बरेच किडे उगमाच्या दिशेनं उडतात आणि वर जाऊन अंडी घालतात. कार्ल म्युलर या संशोधकानं १९५४ साली हा मुद्दा मांडला होता. पिढ्यान्‌पिढ्या वाहून जाऊनही नदीचा वरचा भाग किड्यांविना ओस कसा पडत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे तुमच्या मुलीचाच. आणि पाणी स्वतः मोसमी वाऱ्यांबरोबर ढगातून परत येतं. फॉस्फरसला मात्र असे पंख नाहीत. तो समुद्राच्या तळाशी गेला की पुन्हा जमिनीवर यायला तळाचा खडक वर उचलला जावा लागतो, आणि त्याला लाखो-कोट्यवधी वर्षं लागतात.

हे सगळं पुठ्ठ्यावर मावत नसेल तर मैदानावर मावेल. (सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे पुठ्ठा वापरला हे उत्तमच.) चुन्यानं दोन समांतर रेघा मारून नदी आखा. एक मूल सूर्य, त्याच्याजवळ ज्वारीचं पोतं. शेवाळ, अळी, मासा, बगळा अशी बाकीची मुलं नदीत उभी. सूर्यानं शेवाळाला शंभर दाणे द्यायचे. शेवाळानं नव्वद ‘उष्णता’ लिहिलेल्या टोपल्यात टाकून दहा अळीला द्यायचे, अळीनं त्यातले नऊ टोपल्यात टाकून एक माशाला. बगळ्याला काही उरतच नाही. त्याचं पोट भरायचं तर सूर्याला किती वेळा द्यावं लागेल हे मुलांनीच काढावं. माल म्हणून रंगवलेले खडे फिरवायचे, त्यांतला एकही टोपल्यात जात नाही. नियम एकच : खडा हातातून हातात गेला की घेणाऱ्यानं दोन पावलं खाली सरकायचं. थोड्या वेळात अख्खा वर्ग मैदानाच्या खालच्या टोकाला जाऊन आदळतो आणि वरचं टोक ओस पडतं. मग कुणीतरी ओरडतं, “वरून कोणी खडे आणा ना!” त्या वेळी करंजाचं झाड म्हणून एकाला आणि चढणीचा मासा म्हणून दुसऱ्याला वरच्या टोकाला उभं करायचं. ज्वारीच्या टोपल्यातले दाणे सूर्याला परत द्यायची मागणीही हमखास येते. ती मान्य करायची नाही.

प्रश्न : नदीचा असाच नमुना करताना मुलांनी मोर्णेतली जलकुंभी कुठं दाखवायची असं विचारलं. ती ‘घाण’ म्हणून दाखवावी की ‘वनस्पती’ म्हणून? आणि ती काढून काठावर टाकली की नदी स्वच्छ झाली असं समजायचं का?
— एक शिक्षिका, अकोला

उत्तर : वनस्पती म्हणूनच दाखवा, पण शेवाळाच्या जागी नव्हे. जलकुंभी मूळ दक्षिण अमेरिकेतली. तिची पानं पाण्याच्या वर असतात, त्यामुळे ती बनवते तो ऑक्सिजन बहुतेक हवेत जातो. खाली मात्र अंधार होतो आणि पाण्यात ऑक्सिजन सोडणारं शेवाळ मरतं. तिची कुजलेली पानं तळाशी बसतात आणि ती कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन वापरून टाकतात. तीस अंश तापमानाच्या पाण्यात मुळातच लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, त्यातही ही वाटेकरी. अनुकूल दिवसांत ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. एवढं वाढायला लागणारा नायट्रोजन-फॉस्फरस शहराच्या सांडपाण्यातून येतो. तेव्हा नमुन्यात घरांकडून नदीकडे एक जाड बाण हवा, आणि तो ऊर्जेचा नाही, पदार्थाचा.

१३ जानेवारी २०१८ ला हजारो अकोलेकर मोर्णेत उतरले आणि त्यांनी जलकुंभी बाहेर काढली. त्याच महिन्याच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेखही केला. श्रमदान म्हणून ते थोर होतंच. पदार्थाच्या हिशेबातही ते खरं काम होतं, कारण वनस्पतीबरोबर सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरसही नदीबाहेर आला. पण जलकुंभी काठावरच कुजत ठेवली तर पहिल्याच मोठ्या पावसात तो सगळा माल परत पात्रात जातो. पुराचं पाणी चढतं त्या रेषेच्या वर, शक्यतो फुलं येण्याआधी काढून तिचं खत करावं. तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं तग धरतं. आणि सांडपाण्याचा बाण तसाच राहिला तर पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा येणारच, हे मुलांना त्यांच्या नमुन्यावरूनच सांगता यायला हवं.

बाण किती जाड काढायचा असं मुलं विचारतील. त्यांना एक घमेलं ओली जलकुंभी तोलू द्या, मग वाळवून पुन्हा तोलू द्या. दहा किलोची अर्धा-पाऊण किलो उरते. बाकी सगळं पाणी असतं; बाण उरलेल्या वजनाचा काढायचा.